एका चिऱ्याचा पंचनामा

यंदा माझ्या हाताखालचा एकही विद्यार्थी फायनल ज्युरीत आपटणार नाही, असं मी एप्रिलच्या एक तारखेला घरी जाहीर केलं. तारीख निवडण्यात चूक झाली, हे मान्य. हेमा, म्हणजे माझी बायको, कोलंबी सोलत होती. मान वर न करता ती म्हणाली, "बरं." लग्नाला सव्वीस वर्षं झाली की असल्या 'बरं'चा अर्थ लावायच्या फंदात शहाणा माणूस पडत नाही. मी पडलो, आणि जो अर्थ लागला तो अपमानकारक होता.

ज्यांच्या घरात कुणी आर्किटेक्चरला गेलेलं नाही अशा सुखी माणसांसाठी सांगतो. वर्षभर काढलेली ड्रॉइंगं भिंतीवर लावायची, पुढ्यात मॉडेल मांडायचं आणि बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकासमोर उभं राहून हे सगळं आपण का केलं ते सांगायचं, याला ज्युरी म्हणतात. परीक्षक गप्प राहिला तर पोरं घाबरतात आणि बोलला तर मास्तर घाबरतात. मी मास्तर आहे, तोही आठवड्यातून दोन दिवसांचा. उरलेले दिवस मारुती मंदिराजवळच्या माझ्या ऑफिसात बसून लोकांना हॉल मोठा करून देतो.

गेल्या वर्षी परीक्षक म्हणून पुण्याहून टिपणीस मॅडम आल्या होत्या. धम्मदीप तांबेच्या ड्रॉइंगांसमोर त्या चार मिनिटं उभ्या राहिल्या. मी पाठ करून घेतलेली दोन इंग्रजी वाक्यं त्याने म्हटली आणि तिसऱ्याला तो अडकला. मॅडम वळल्या आणि सपाट आवाजात म्हणाल्या, "गाईड कोण आहे याचा?" नेमकं त्याच क्षणी माझं पेन खाली पडलं आणि मी ते शोधायला वाकलो. आता पेन पडलं तर माणूस वाकणारच. पण ते माझ्या बुटाला टेकून पडलं होतं आणि मला सापडायला दीड मिनिट लागलं. वर आलो तेव्हा मॅडम पुढच्या विद्यार्थ्यासमोर होत्या आणि धम्मदीप नापास झाला होता.  तो फक्त माझ्या बुटाकडे बघत होता. ते बघणं वर्षभर माझ्याबरोबर जेवायला बसलं.

यंदा तो पुन्हा माझ्याकडेच आला. "सर, या वेळी नाही झालं तर सोडणार," एवढंच म्हणाला. "बाबांच्या खाणीवर मशीनला माणूस हवाय." त्याचे वडील जानू तांबे चिरेखाणीवर काम करतात, म्हणजे आपल्या घराचे जांभ्याचे चिरे जमिनीतून कापून काढतात. त्या कामात काही कमी नाही. पण पाच वर्षं रात्रंदिवस ड्रॉइंग काढलेला पोरगा माझ्या पेनामुळे तिकडे गेला असता, हे मला सहन होणारं नव्हतं. म्हणून तो एक एप्रिलचा निर्धार.

निर्धाराची पहिली पायरी म्हणून मी आमच्या कुवारबावच्या घराच्या पडवीत रंगीत तालीम ठेवली. परीक्षक म्हणून शेजारचे काशीरामभाऊ शिवगण बसले. ते बांधकाम खात्यात मुकादम होते आणि त्यांनी बांधून घेतलेल्या मोऱ्या अजून शाबूत आहेत, हे ते भेटेल त्याला सांगतात. दुसरी परीक्षक हेमा. तिसऱ्या कमलाबाई, ज्या खरं तर बांगडे विकायला आल्या होत्या, पण सावली बघून बसल्या.

धम्मदीप उभा राहिला. "गुड मॉर्निंग रिस्पेक्टेड ज्युरी. माय प्रोजेक्ट इज अ लायब्ररी इन ॲन ॲबँडन्ड लॅटराइट क्वारी. द बिल्डिंग इज इन डायलॉग विथ द लँड." हे शेवटचं वाक्य माझं. मला ते फार आवडतं.

"काय म्हनतोय गो हा?" कमलाबाईंनी हेमाला विचारलं.

"बंद पडलेल्या चिरेखाणीत वाचनालय करायचं म्हणतोय," हेमा म्हणाली.

"खानीत?" कमलाबाईंनी टोपली जवळ ओढली. "खानीत म्हशी बसतात."

काशीरामभाऊंनी हात वर करून म्हशींचा विषय थांबवला. मुकादमी आवाजात ते म्हणाले, "ता सगला ऱ्हाऊं दे. पावसाचा पानी कुठं जानार, ता सांग."

कोकणात घर बांधा, गोठा बांधा, नाही तर विमानतळ बांधा, हा प्रश्न येणारच. धम्मदीपने तोंड उघडलं, मिटलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "गुड मॉर्निंग रिस्पेक्टेड ज्युरी." असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा कमलाबाईही "गुड मॉर्निंग" म्हणाल्या. काशीरामभाऊंनी निकाल दिला, "पोरगा बरा हाय, पन पानी भरनार."

सगळे गेल्यावर मी त्याला पायरीवर बसवलं. बोलता येत नाही ना, मग बोलू नकोस, असं सांगितलं. मॉडेलच असं कर की ते स्वतः बोलेल. ते थर्माकोल फेकून दे. मटेरियलशी प्रामाणिक राहा. हे वाक्य मी बावीस वर्षं दर तुकडीला ऐकवतो आणि कुणीही ते कधी मनावर घेतलेलं नाही, त्यामुळे ते धोकादायक असेल असं मला वाटलं नव्हतं.

"बरं सर," धम्मदीप म्हणाला आणि आठ दिवस गायब झाला.

मे महिना उजाडला. ज्युरी शुक्रवारी होती. बुधवारी दुपारी त्याचा फोन आला. "सर, मॉडेल झालं. पण उचलत नाही." मला वाटलं, फोनबद्दल सांगतोय. दोनदा विचारल्यावर कळलं की मॉडेल उचलत नाही.

गुरुवारी सकाळी मी माझी अल्टो काढली. काशीरामभाऊ न बोलावता पुढच्या सीटवर येऊन बसले. "वजनाचा काम हाय, अनुभवी मानूस पायजे," म्हणाले. हातखंब्यापासून आत सहा किलोमीटरवर तांब्यांची वाडी. अंगणात जानूभाऊ उभे होते. बुटके, शांत, भुवयांत चिऱ्याची तांबडी धूळ बसलेली. त्यांनी एका वस्तूवरचं ओलं गोणपाट बाजूला केलं.

अख्ख्या एका चिऱ्यात ते वाचनालय कोरलं होतं. नेहमीचा चिरा नव्हे. दोन फूट लांब, दीड फूट रुंद, फूटभर उंच असा मुद्दाम काढलेला ठोकळा. त्यात उतरत जाणारे सात टप्पे, भिंतीत आत कापलेल्या वाचायच्या खोल्या, तळाशी पाण्याचं टाकं आणि बाजूला बोटभर रुंद पन्हळ. कुठे डिंक नाही, कुठे सांधा नाही. जमिनीतून चिरे काढून घेतल्यावर जे मागे उरतं तीच इमारत, हे मी दहा महिने इंग्रजीत समजावत होतो आणि ते इथे अंगणात ठेवलेलं होतं. मी खाली बसलो.  बावीस वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्याने इतकं चांगलं काही केलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मीही नाही.

"सर, तुमीच सांगितलात ना, खरा दगड वापर म्हनून," जानूभाऊ म्हणाले. "खालच्या थरातला काढलाय. ताजा असतो तेव्हा मऊ असतो, तेवढ्यात कोरून घेतलान त्यान्. आता हवा लागून घट्ट झालाय."

"वजन किती?"

"चार मानसांचा. पाच असली तर बरा."

कॉलेजचा स्टुडिओ दुसऱ्या मजल्यावर आहे, हे मला तेव्हा आठवलं. पण माणूस एकदा निर्धाराला पेटला की जिने त्याला दिसत नाहीत.

वाडीतली माणसं जमली आणि सल्ले सुरू झाले. एकाने बैलगाडी सुचवली. दुसरा म्हणाला, परीक्षकालाच इकडे बोलवा, कोंबडी कापू. काशीरामभाऊंचा सल्ला जास्त तांत्रिक होता. "मधून दोन तुकडे करून न्या. तिकडं सिमेंटात जोडू. मी मोरी अशीच जोडली होती." यावर धम्मदीप, जो वर्षभरात माझ्यासमोर आवाज चढवून बोलला नव्हता, मोठ्याने म्हणाला, "नाय." अंगणातली कोंबडीसुद्धा थांबली.

मग टेम्पो शोधायला लागलो. मे महिन्यात रत्नागिरीत टेम्पो मागणं म्हणजे लग्नाच्या दिवशी नवरदेवाला उसना मागणं. सगळे टेम्पो आंब्यावर. शेवटी वाडीतलाच लवू कबूल झाला. त्याच्या गाडीत साठ पेट्या वाशीला निघाल्या होत्या. मॉडेल खाली पेंढ्यात ठेवायचं, वर पेट्या रचायच्या, वाटेत कॉलेजला दगड उतरवून तो पुढे जाणार. फळी, काथ्याचा दोर आणि सहा माणसं लावून चिरा चढला. काशीरामभाऊ "हळू" एवढंच म्हणत होते, पण असं की सगळं वजन त्यांच्यावर आहे. जानूभाऊ आणि धम्मदीप लवूबरोबर पुढे बसले. मागून अल्टोत आम्ही दोघं निघालो.

हातखंबा तिठ्यावर महसूल खात्याचं तपासणी पथक उभं होतं. वाळू, खडी, चिरे बिनपासाचे जातात का ते बघणारं. एक तरुण अधिकारी होत्या, दीपाली मॅडम म्हणून. त्यांनी लवूला हात केला.

"काय आहे?"

"आंबा."

"जा."

एवढ्यावर सगळं सुखाने संपलं होतं. लवूने गियर टाकलाही होता. पण काशीरामभाऊ अल्टोतून उतरून पुढे पोचले होते. सरकारी गाडी दिसली की त्यांना आपण अजून नोकरीत आहोत असं वाटतं. "मॅडम, आंबा काय, कुठंही मिलतो," ते म्हणाले. "खाली बघा काय केलान पोरान्. सव्वाशे किलो अस्सल जांभा. एकच नग."

दीपाली मॅडमनी लवूला खाली उतरवलं.

वीस पेट्या रस्त्याकडेला उतरल्या. पेंढा बाजूला झाला. मॅडम वाकून बघत राहिल्या. "हे काय आहे?"

"वाचनालय," मी पुढे होऊन म्हणालो.

"जांभा आहे ना?"

"जांभ्याचं वाचनालय."

"मग गौण खनिजाचा वाहतूक पास?"

"अहो, हा माल नाही. ही इमारत आहे."

"इमारत असेल तर बिनशेतीचा आदेश दाखवा," मॅडम म्हणाल्या. त्या थट्टा करत नव्हत्या. नोकरीत नवीन होत्या आणि नियम त्यांना ताजे पाठ होते.

"मॉडेल आहे हो," मी म्हणालो. "एकास वीस."

त्यांच्याबरोबर रघू म्हणून एक पोक्त कारकून होते. ते कागद काढत म्हणाले, "म्हणजे आणखी एकोणीस कुठं ठेवलेत?"

मी माझं ओळखपत्र दाखवलं. त्यावर माझा फोटो पंधरा वर्षांपूर्वीचा आहे. रघूंनी फोटो बघितला, मग मला बघितलं आणि हळहळल्यासारखं केलं. प्राचार्यांचं पत्र आणलं तर विचार करता येईल, असं मॅडम म्हणाल्या. प्राचार्य मीटिंगला चिपळूणला गेले होते आणि त्यांचा फोन बंद होता. पत्र मिळालं असतं तरी सोडायचा आदेश मोठ्या साहेबांनी काढायचा आणि साहेब सोमवारी येणार. ज्युरी शुक्रवारी. मी ज्युरी म्हणजे काय ते समजावू लागलो, पण मागे लवू ओरडत होता, "सर, ज्युरी थांबंल, आंबा थांबत नाय."

मग पंचनामा सुरू झाला. रघूंचं अक्षर मोत्यासारखं होतं आणि मोघम लिहिणं त्यांना खपत नसे. पूर्वी एकदा त्यांनी 'वाळूचा एक ढीग' असं लिहिलं होतं आणि तो ढीग केवढा, यावर पुढे तीन वर्षं प्रकरण चाललं होतं. त्यामुळे ते दगडाशी उकिडवे बसले आणि एकेक भाग बोटाने दाखवत विचारू लागले. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. "तुम्ही नाही," ते म्हणाले. "ज्याने केलंय तो सांगू दे."

"हे भोक कसलं?"

धम्मदीप त्यांच्या शेजारी बसला. "पाणी आत यायचं."

"कुठलं पाणी?"

"सड्यावरचं. पावसात वरच्या कातळावरनं सगळं खाणीतच उतरतं."

"म्हणजे खोल्यांत शिरणार."

"नाय शिरणार. खोल्या वरनं दुसऱ्या टप्प्यावर हायत. पाणी पाचव्याच्या वर चढायला लागलं की ह्या पन्हळीतनं बाहेर पडतं, खालच्या शेतात."

"पण ठेवायचं कशाला ते पाणी? काढून टाकावं."

"आमच्या वाडीत एप्रिलात टँकर येतो," धम्मदीप म्हणाला. "आणि बाजूच्या बंद खाणीत फेब्रुवारीपर्यंत पाणी असतं, मग आटतं, कारण वर सावली नाय. ह्यात टाक्यावर सावली पडते. खाली पाणी ठेवायचं, वर बसून वाचायचं. मे महिन्यात पण गार लागतं. मी बारावीचा अभ्यास खाणीतच केला. घरात पत्र्याखाली बसवत नव्हतं."

रघू लिहीत होते. मी उन्हात उभा होतो. काशीरामभाऊंनी माझ्या पडवीत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हे होतं, आणि ते या पोराला बारावीपासून माहीत होतं. दहा महिने मी त्याला जमिनीशी डायलॉग शिकवत होतो आणि तू हे का करतोयस, एवढं साधं मराठीत मी त्याला कधी विचारलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

शेवटी दीपाली मॅडम म्हणाल्या, "वाहन आणि आंबा सोडते. दगड जमा होईल. जबाबदार इसम कोण लिहायचा?"

 लवू आंब्याकडे बघू लागला. काशीरामभाऊ चाळीस वर्षांत प्रथमच नोकरीत नव्हते. मग जानूभाऊ पुढे आले. "माजा चिरा हाय. माजा नाव लिवा."

त्यांचं नाव लागलं असतं तर खाणमालकाने त्यांना दुसऱ्या दिवशी कामावर घेतलं असतं का, कोण जाणे.  धम्मदीप माझ्याकडे बघत नव्हता, खाली बघत होता, आणि मला पक्कं माहीत आहे की तो माझे बूट बघत होता.

"तांब्यांचं नाव लिहू नका," मी म्हणालो. "खरा दगड वापर, हे मी सांगितलं. माझं लिहा."

"नीट विचार करा सर," रघू म्हणाले. "हे कागद राहतात."

"लिहा हो."

पूर्ण नाव, वय, राहणार, धंदा असं सगळं विचारून झालं. बावन्नाव्या वर्षी महामार्गाच्या कडेला, आंब्याच्या पेटीवर कागद ठेवून, मी 'जबाबदार इसम' या दोन शब्दांखाली सही केली. काशीरामभाऊंनी पंच म्हणून सही केली आणि खाली 'निवृत्त मुकादम' असं न विचारता लिहिलं.

घरी हेमाने पंचनाम्याची प्रत दोनदा वाचली. तिसऱ्यांदा कमलाबाईंना मोठ्याने वाचून दाखवली. कमलाबाई म्हणाल्या, "असा सांगायचा ना मग. पोराच्या तोंडात कशाला ता गुड मॉर्निंग घातलात?" हेमाने कागद माझ्या बॅगेत ठेवला आणि म्हणाली, "बरं." या 'बरं'चा अर्थ मी लावत बसलो नाही. तो आधीच लागला होता.

शुक्रवारी टिपणीस मॅडम आल्या. त्याच मॅडम, तोच आवाज. माझ्या बाकीच्या चौघा विद्यार्थ्यांचं नीट पार पडलं. धम्मदीपच्या भिंतीवर ड्रॉइंगं होती आणि पुढ्यातलं टेबल रिकामं होतं.

"मॉडेल?"

"जप्त आहे," तो म्हणाला.

मॅडमनी चष्मा काढला. "काय आहे?"

"गुड मॉर्निंग रिस्पेक्टेड ज्युरी," धम्मदीपने सुरुवात केली. माय प्रोजेक्ट झालं. लायब्ररी झाली. डायलॉगशी येऊन तो थांबला. मी उठलो, बॅगेतून पंचनामा काढला आणि त्याच्या हातात दिला. "हे वाच," म्हणालो. "मी शिकवलेलं सोडून दे."

तो वाचू लागला. "मौजे हातखंबा येथे वाहनाची तपासणी केली असता आंब्याच्या पेट्यांखाली पेंढ्यात गुंडाळलेला जांभा दगडाचा एक नग मिळून आला. सदर नगात वरून खाली उतरते सात टप्पे असून दुसऱ्या टप्प्यावर वाचावयाच्या खोल्या आहेत. तळाशी पाण्याचे टाके आहे. सदर पाणी काढून टाकावयाचे नसून ठेवावयाचे आहे." इथपर्यंत आल्यावर त्याने कागद टेबलावर ठेवला आणि पुढचं स्वतः सांगितलं. टँकर, सावली, पत्र्याखालचा अभ्यास.  शेवटी मॅडम म्हणाल्या, "पाणी एकदम वाढलं तर? खोल्या बुडणार नाहीत कशावरून?"

"ते दगडावर दाखवता येईल. कागदावर नाय."

मॅडमनी घड्याळ बघितलं. "कुठे आहे तो दगड?"

अशा रीतीने आमच्या कॉलेजची फायनल ज्युरी सरकारी आवारात, जप्त केलेल्या वाळूच्या दोन डंपरांच्या मध्ये भरली. जानूभाऊ सकाळपासून तिथे येऊन बसले होते, दगडाला ऊन लागू नये म्हणून गोणपाट धरून. रघू बादली घेऊनच बाहेर आले. दीपाली मॅडम म्हणाल्या, "जप्त मालाला हात लावता येणार नाही."

"हात कोण लावतंय?" रघू म्हणाले. "पाणी ओततोय. पन्हळीतून बाहेर पडतं असं मी लिहून दिलंय. खोटं ठरलं तर मी कुठं तोंड दाखवू?"

दीपाली मॅडमनी थोडा विचार केला. पाणी ओतू नये असा नियम त्यांना आठवला नसावा. त्यांनी मान हलवली.

रघूंनी बादली ओतली, थोडी नव्हे, सगळी. पाणी भोकातून आत गेलं, टाकं भरलं, सातवा टप्पा बुडाला, सहावा बुडाला, पाचव्यावर चढलं.  जानूभाऊंनी गोणपाट घट्ट धरलं होतं. मग पन्हळीतून एक बारीक धार सुटली, जाड झाली आणि थेट टिपणीस मॅडमच्या चपलेवर पडली. पाणी पाचव्या टप्प्यावर थांबलं. मॅडमनी साडी सावरली, गुडघे टेकून खाली बसल्या, भिंतीतल्या खोलीत बोट घालून फिरवलं आणि बाहेर काढून बघितलं. बोट कोरडं होतं, फक्त तांबडं झालेलं.

 मग उठल्या, वळल्या आणि त्याच सपाट आवाजात म्हणाल्या, "गाईड कोण आहे याचा?"

कौतुकाने विचारतायत की कान धरायला, काही कळायला मार्ग नव्हता. त्यातच माझ्या खिशातलं पेन निसटलं आणि बुटाशेजारी पडलं. माझी कंबर सवयीने वाकू लागलीच होती. मी ती थांबवली.

"मी," म्हणालो. "तसं लेखी आहे."

रघूंनी लगेच फाइल उघडून मॅडमना सही दाखवली.

मॅडमनी ती नीट वाचली. मग गुणांचा तक्ता काढला आणि पर्स चाचपली. त्यांचं पेन कॉलेजात राहिलं होतं. धम्मदीप वाकला, माझ्या बुटाशेजारचं पेन उचलून शर्टाला पुसलं आणि त्यांच्या हातात दिलं. तो पास झाल्याचं त्यांनी त्याच पेनाने लिहिलं. आकडा मी सांगत नाही, पण वर्गात त्याहून मोठा आकडा कुणाचा नव्हता. जानूभाऊंनी गोणपाटाने तोंड पुसलं, त्यामुळे त्यांचं तोंड आणखी तांबडं झालं.

दगड अजून तिथेच आहे. सोडण्याचा आदेश निघायचा आहे आणि त्यासाठी जबाबदार इसमाला दर महिन्याला जाऊन सही करावी लागते. मी जातो. जुलैत सलग चार दिवस पाऊस लागला तेव्हा रघूंनी मुद्दाम फोन करून खोल्या कोरड्या असल्याचं कळवलं. पेन मात्र टिपणीस मॅडम चुकून पुण्याला घेऊन गेल्या. मी ते मागितलं नाही.